दुखतं ते आणि दुखत नाही ते

इळकल, ता. ११ फेब्रुवारी १९८८

चि. गंगूस नीलव्वा वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या अण्णांचं लिहायला लाज वाटते, पण हुबळीच्या दवाखान्यात नर्स असलेल्या नणंदेपाशी कसली लाज! शौचाला बसलं की काचेने कापल्यासारखं दुखतं म्हणतात. मग तासभर नुसती आग, आणि रक्ताचे थेंब. मामंजी गुदाच्या कॅन्सरने गेले, म्हणून आपलंही तेच, असं यांनी ठरवूनच टाकलंय. डॉक्टरचं नाव काढू देत नाहीत. बाजारातल्या मूळव्याधवाल्याचा लेप लावला, तर मागावर बसणंच बंद झालं. तुमच्या घरची रीत तर तुला ठाऊकच आहे. पदर विणून होईस्तोवर मागाच्या खड्ड्यातून उठायचं नाही, म्हणून पाणी प्यायचं नाही. वर भाकरीला लाल मिरचीचा रंजका हवाच! माझ्याही घशाखाली घास उतरत नाही. चोळ्या सगळ्या ढिल्या झाल्यात.

लगेच उत्तर धाड. घरी सगळ्यांना जप.

तुझी वहिनी

हुबळी, ता. १६ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस गंगूचा सा. न. वि. वि.

आधी अण्णाचा राग आला, मग रडू. हे त्याला मोठ्याने वाचून दाखव.

अण्णा, ही बहुतेक चीर असेल. पाणी नाही, भाजी नाही, मग शौचाला खडा होतो, त्याने चीर पडते. दुखेल म्हणून तू आणखी दाबून धरतोस. तो लेप गटारात टाक. कोमट पाण्याच्या घमेल्यात दिवसातून दोनतीनदा बस, रात्री इसबगोल घे. पण आधी डॉक्टरला दाखव, कारण मूळव्याध किंवा गळूही असू शकतं. बोट घालून तपासतात, त्यात कसली अब्रू जाते? आणि आपल्या अप्पांना सुरुवातीला दुखतच नव्हतं, विसरलास? मुकाट रक्त जायचं आणि माणूस वाळत गेला. आम्ही दवाखान्यातले भितो ते त्याला.

वहिनी, तू जेवत जा गं. माया आहे तशी ठेव.

गंगू

इळकल, ता. २ मार्च

चि. गंगूस अनेक आशीर्वाद.

अखेर नेलं. चीरच निघाली! डॉक्टरांनी मलम दिलंय, भरून येईल म्हणाले. हे घमेल्यात राजासारखे बसतात, मी पदराआड हसते. काल हे अर्धा पदर तसाच सोडून पाणी प्यायला उठले बघ.

आता हे त्यांच्या नकळत लिहितेय. तुझं पत्र वाचताना मामंजींच्या ओळीपाशी माझा आवाज बसला. यांना वाटलं, आठवणीने. गंगू, दसऱ्यापासून मलाही शौचातून रक्त जातंय. काही दुखत नाही, म्हणून बोलले नाही. चोळ्या काळजीने ढिल्या झालेल्या नाहीत गं.

मला भीती वाटते. यांना ओरडलीस तशी मलाही ओरड, पण ये.

तुझीच नीलव्वा