ह्यांना चालंल असा हेडफोन

७ एप्रिल, मंगळवार
कानाच्या डॉ.कडं गेलतो. ह्यांच्या दोन्ही कानांच्या नसा गेल्यात. तीस वर्षं कांडप मशीनशेजारी उभं राहून लोकांची चटणी करून दिली, दुसरं काय होणार. कानाचं मशीन लावलं तर हॉर्न, दाराची बेल कळेल. बोलणं कळेलच असं नाही, म्हणाले. मी ह्यांना लिहून दाखवलं.
"मशीन न्हाय लावणार. गिऱ्हाईक म्हणंल, मालक बहिरा हाय."
गिऱ्हाईक कधीच म्हणायला लागलंय.

९ एप्रिल, गुरुवार
पुण्याहून रेश्माचा फोन. "आई, पप्पांना वायरलेस हेडफोन घे. मशीनसारखा दिसत नाही."
ह्यांना दाखवलं चित्र. "पोरं घालत्यात त्यो? घालीन की." किती दिवसांनी कशाला तरी हो म्हणाले.
राजारामपुरीत हेडफोनच्या दुकानात गेले. तीन प्रकार. कानात खुपसायचे, गळ्यात अडकवायचा, डोक्यावरून कान झाकणारा. दुकानातली बाई विचारते, गाणी ऐकायला की कॉलला? म्हटलं, घरातलं बोलणं ऐकायला. ती हसली. मग सगळं नीट समजावून सांगितलं तिनं. वीस तारखेपर्यंत बदलून देते, नाहीतर परत घेते म्हणाली. आधी कानातले आणले.

१० एप्रिल
कानातले बाद. घामानं निसटतात. एक मिरचीच्या पोत्यात पडला, तासभर शोधला. तसाच कानात घातला ह्यांनी. मग जी आग झाली!
दुकानातल्या बाईनं कुरकुर न करता बदलून गळ्यातला दिला.

१२ एप्रिल, रविवार
गळ्यातला लावून रेश्माशी बोलले.
ती: "पप्पा, जेवला का?"
हे: "उद्या येतीस? ये की, ये."
माझ्याकडं फोन दिला तेव्हा ती रडत होती. हे म्हणाले, "आवाज येतोय गं, शब्द येत न्हाईत. भिंतीपल्याड कोणतरी बोलतंय असं वाटतंय."

१४ एप्रिल, मंगळवार
डोक्यावरचा आणला. तिन्हीत महाग. बाईनं दुकानातच माझ्या फोनला जोडून दिला. घरी टीव्हीला जोडायचा मीच खटाटोप केला. टीव्हीचा आवाज बंद केला, ह्यांनी हेडफोन घालून बातम्या लावल्या. मान हलवायला लागले.
"झ्याक हाय. ह्योच ठेव."
मी आत जाऊन देवापुढं साखर ठेवली.

१६ एप्रिल, गुरुवार
फोनवर लोणच्याची रेसिपी लावली. आवाजच येईना. वाढव, वाढव, तरी काही नाही. मग लक्षात आलं. हेडफोन अजून माझ्याच फोनला जोडलेला. टीव्हीला जोडलाच गेला नव्हता. म्हणजे तिकडं टीव्ही मुका, ह्यांच्या कानात कैरी चिरणारी बाई, आणि हे बातम्या बघत मान हलवतायत.
जवळ जाऊन खुणेनं विचारलं, काय सांगतायत?
"उद्या पाणी न्हाय म्हणं."
टीव्हीत खालच्या पट्टीवर लिहून आलेलं वाचलं असणार.
बोलले नाही काही. रेश्मालाही नाही.

१७ एप्रिल
नको तेच झालं. शेजारच्या गल्लीतल्या माळकरी बाई, लसूण घालू नका म्हणून दोनदा सांगून गेलत्या. ह्यांनी घातला. पाच किलोची चटणी. "आमच्या घरात चालत न्हाय ओ, किती येळा सांगायचं!" हे तिच्या तोंडाकडं बघत उभे. आपली मिरची काढून पुन्हा करून दिली.
ती गेल्यावर मला म्हणाले, "उद्यापास्नं गिऱ्हाईक तू बघ." तीस वर्षांत मला कधी काउंटरला बसू दिलं नव्हतं.

१९ एप्रिल, रविवार
दुकानातल्या बाईचा फोन. काकू, परत द्यायचा असेल तर उद्या शेवटचा दिवस. सांगते म्हटलं.
संध्याकाळी खोका काढला तर हे आडवे आले.
"परत करायचा न्हाय."
म्हटलं, खरं सांगा, येतं का ऐकू? ओठांवरनं कळलं असावं.
"न्हाय. पर डोक्यावर असला की लोकास्नी वाटतं, त्याच्यामुळं ऐकू येत न्हाय."
एवढं बोलून पायऱ्या उतरले, कांडपाचं शटर ओढायला. मी विचारलं, आणि माझ्याशी कसं बोलायचं? पाठमोरे होते. पुन्हा विचारलं नाही.
हेडफोनचं दुकान उद्या अकराला उघडतं.