तांडेल हे आडनाव नाही

१० फेब्रुवारी, सोमवार

त्र्याहत्तर जणांनी माझ्या नवऱ्याला भलत्याच नावाने हाक मारली, आणि मला ते आज कळतंय!

वरच्या मजल्यावर श्वेता राहते, नाशिकची. नवरा इथे आखातात, शुऐबाच्या कारखान्यात. ही हवामानाची शास्त्रज्ञ — समुद्र किती तापला ते मोजते. दोन वर्षांपूर्वी तिने माझ्या मुलाच्या, तौफीकच्या, अब्बांच्या वह्या मागून नेल्या. बावीस वर्षांच्या वह्या. मतलई वारा कधी सुटला, कधी पडला, बांगडा किती वाव पाण्यात लागला — होडीवरून आले की आधी वही, मग जेवण. भात थंड व्हायचा, मी बडबडायची. श्वेताने पानांचे फोटो काढले, वह्या जशाच्या तशा परत दिल्या आणि त्यावर पेपर लिहिला.

आज माहीन फोन नाचवत आली. नात माझी, पण मराठी पाहुण्यासारखी बोलते. "दादी, श्वेता आंटीला सेव्हन्टी-थ्री सायटेशन्स!" म्हटलं, म्हणजे काय? तर म्हणे, तेवढ्या लोकांनी आपापल्या पेपरात तिच्या पेपरचं नाव घेतलं. दादांचंही, म्हणजे तिच्या आजोबांचंही, घेतलं. हे बघ — तांडेल रेकॉर्ड.

तांडेल!

अगं, ते आपलं आडनाव नाही. होडी चालवणाऱ्यांत जो मुख्य, तो तांडेल. उद्या तुझ्या बापाला 'दुकानदार साहेब' म्हणून पुरतील!

११ फेब्रुवारी

चूक माझीच निघाली. श्वेताने तेव्हा विचारलं होतं, आजी, नाव काय लिहू? मी म्हटलं, आमचे तांडेल. नवऱ्याचं नाव कोण घेतं? सासूने निकाहच्या दिवशीच बजावलं होतं — नाव घेतलंस तर त्याचं आयुष्य कमी होईल. वह्यांवरही होडीचं नाव, त्यांचं नाही. नाशिकच्या बाईला काय ठाऊक, तिकडे समुद्र कुठे!

श्वेता खाली आली. तोंड उतरलेलं. तिचे बाकीचे अकरा पेपर मिळूनही हा एक जेवढा वाचला गेला तेवढे वाचले गेले नाहीत म्हणे. म्हटलं, म्हणजे तुझ्या शिक्षणापेक्षा त्यांचं वल्हं भारी. हसली. मग रडकुंडीला आली. मुंबईहून कुणा लक्ष्मीकांत तांडेलचं पत्र आलंय — हे माझे आजोबाच असणार. आणि हिने ते पत्र छापणाऱ्यांकडे पाठवलंसुद्धा! ते विचारतात, लक्ष्मीकांतचे आजोबा असंच घालू का? पुढच्या बुधवारपर्यंत कळवा. वह्या ज्यांनी दिल्या त्यांची सही पाहिजे.

वह्या मी दिल्या.

१३ फेब्रुवारी

लक्ष्मीकांतचं पत्र श्वेताकडून वाचून घेतलं. शिव्या तयार ठेवल्या होत्या. उपयोग झाला नाही. त्याचाही आजोबा समुद्रात गेलेला. घरात एक फोटोसुद्धा नाही. पेपर वाचून माणूस रडला. त्याचं तरी काय चुकलं? कोणीतरी हाक मारली, त्याने ओ दिली.

१४ फेब्रुवारी

धूळ. खिडक्या बंद. पोळ्या करपल्या.

१६ फेब्रुवारी

तौफीक अम्गऱ्याहून दुकान बंद करून आला, जेवता जेवता म्हणाला, अम्मी, मी लिहून देतो अब्बांचं नाव, मुलाला कसली अडचण? एक मिनिटाचं काम.

म्हटलं, तू गप. भात खा.

कसं सांगू त्याला? नऊ वर्षांचा होता. एकतीस वर्षं झाली. होडी आली नाही तेव्हा सगळं गाव किनाऱ्यावर. अंधार पडेस्तोवर लोक त्यांच्या नावाने हाका मारत होते — भाऊ, शेजारी, पोरंटोरं, सगळे. मी एकटी "अवो! अवो!" करत होते. किनाऱ्यावर पन्नास बायका, पन्नास नवरे. "अवो" म्हटल्यावर कुणी वळायचं?

काही सापडलं नाही. चार वर्षांनी काझी म्हणाले, आता गेले असं धरा. विधवेने पाळायची इद्दत केली. लोकांसाठी केली. नाव मात्र तेव्हाही घेतलं नाही. घेतल्याने आयुष्य कमी होतं, तर न घेतल्याने थोडं उरत असेल की! हिशोब खुळ्याचा आहे, मला कळतं. चौथी शिकलेय, एवढं येतं.

१७ फेब्रुवारी

बतागा, म्हणजे इथलं ओळखपत्र, नवा करायचा म्हणून तौफीकने ऑफिसात नेलं. त्या कार्डावर माझ्या नावामागे त्यांचं नाव. कारकुनाने दोन्ही नावं जोडून हाक मारली. उठले मी एकटीच.

मोटारीत विचार करत बसले. या देशातला कारकून घेतो. त्र्याहत्तर शिकलेले घेतात, चुकीचं का होईना. उद्या पेपरात लक्ष्मीकांतचा आजोबा यांच्या जागी बसला तर त्याला कोण उठवणार? किनाऱ्यावर गप्प राहिले, आता कागदावरही गप्प?

श्वेताला वर निरोप पाठवला — कागद घेऊन ये. पेन मोठ्या अक्षराचं आण.

१८ फेब्रुवारी

श्वेता आली. तिच्यादेखत हात चालेना. कागद ठेवून जा म्हटलं. लक्ष्मीकांतला मात्र नीट उत्तर लिही, आणि त्याच्या आजोबांचं नाव विचार. कुणीतरी विचारायला हवं.

त्यांची शेवटची वही काढली. हे लिहितेय ती हीच. मागची कोरी पानं मी वापरते. त्यांची शेवटची ओळ वाचली — "उद्या पहाटे मतलई सुटेल." पुढे माझं अक्षर सुरू.

१९ फेब्रुवारी, बुधवार

लिहिलं. सही केली. मग खिडकी उघडली आणि मोठ्याने घेतलं, एकदाच.

महबूब.

ही ओ लक्ष्मीकांतने द्यायची नाही, तौफीकने नाही, श्वेतानेही नाही. तुम्ही द्यायची.