वकीलसाहेबांसाठी राखून ठेवलेलं मशीन

३ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण मोठी खरेदी. मोठ्या खरेदीची नोंद असावी हा आमच्या ऑफिसचा नियम, आणि आमच्या ऑफिसात खरेदी विभाग म्हणजे मी.

हिला ओव्हरलॉक मशीन हवंय. कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून धाग्याने बांधून देतं, ते. युनिफॉर्मच्या दुकानदाराने हिला सांगितलंय, महिनाअखेरपर्यंत ओव्हरलॉक आणलंत तर माझं सगळं काम तुमच्याकडे, नाहीतर दुसरीला देतो. दुसऱ्याच्या दुकानात मान खाली घालून पुष्कळ वर्षं शिवलं, आता स्वतःचं काहीतरी करायचं, असं ही म्हणते. नवं परवडत नाही. वापरलेलं ऑनलाइन बघते म्हणाली. मी म्हटलं, तू हात लावू नकोस, तिथे सगळे लुटारू बसलेत.

मागच्या वर्षी मेव्हण्याने असाच अनोळखी माणसाकडून जुना फोन मागवला. खोक्यात कपडे धुण्याचा साबण निघाला. तेव्हापासून तो भेटला की मी विचारतो, काय, रेंज येतेय ना? त्यामुळे मला फसून चालणारच नाही.

४ जून, मंगळवार. ऑफिसात
संरक्षणाचे नियम ठरवले. खरं नाव द्यायचं नाही. खरा पत्ता तर नाहीच. फोन नंबर द्यावाच लागला तर शेवटचा आकडा बदलून द्यायचा. व्यवहार ठरला की वेबसाइटवरचं खातं बंद, मागे माग ठेवायचा नाही. साहेबांनी विचारलं, काय लिहिताय. टेंडर म्हटलं.

५ जून, बुधवार
मशीन सापडलं. विकणारा म्हातारा टेलर, दुकान बंद करतोय म्हणे. फोटोत मशीनशेजारी मांजर झोपलेलं. संशय तिथेच आला. म्हणतो, ॲडव्हान्स नको, आधी या, चालवून बघा, चिंध्या मी देतो, पटलं तर न्या. इतकं गोड कोण बोलतं? शिवाय जायचं म्हणजे तोंड दाखवणं आलं.

मी उलटा डाव टाकला. आपणहून ॲडव्हान्स दिला. ॲडव्हान्स घेतला की सप्लायर बांधला जातो, हा माझा अनुभव. तो नको नको म्हणत राहिला, मी ऐकलं नाही. पैसे झेरॉक्सवाल्याला रोख देऊन त्याच्या फोनवरून पाठवले, म्हणजे माझं नाव कुठे उमटायला नको. नाव सांगितलं हिच्या माहेरच्या वकिलांचं. ते वारून बरीच वर्षं झाली, त्यांना काही त्रास व्हायचा नाही. पत्ता समोरच्या इमारतीचा, फोन नंबर शेवटचा आकडा बदलून. शनिवारी टेम्पोने मशीन आणून देतो म्हणाला.

खातं बंद केलं. आता मला कोणी गाठू शकत नाही. निवांत वाटलं.

८ जून, शनिवार
सकाळपासून बाल्कनीत, वाळत घातलेल्या चादरीच्या आड. बेत असा की आधी माणूस निरखायचा आणि खरा वाटला तरच खाली उतरायचं.

टेम्पो आला. म्हातारा उतरला. समोरच्या वॉचमनशी बोलला, वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. फोन कानाला लावायचा, काढायचा, परत लावायचा. माझा फोन मात्र एकदाही वाजला नाही. तिथेच मी ओळखलं. खरा विकणारा असता तर फोन नसता का केला? हा इमारतीची पाहणी करायला आला होता. पुष्कळ वेळ उन्हात उभा राहिला आणि मग गेला. दोरीने बांधलेलं मशीन तसंच परत.

म्हणजे ॲडव्हान्सही खाल्ला आणि मालही नेला, माझ्या नाकावर टिच्चून.

हिला सांगितलं, माल वाटेत आहे. मेव्हण्याला यातलं अक्षर कळता कामा नये. त्या म्हाताऱ्याला मी सोडणार नाही.

१० जून, सोमवार
सूड सुरू. ऑफिसच्या फोनवरून, आवाज बदलून. आज मी हॉटेलवाला. सगळ्या खोल्यांचे पडदे शिवायचेत, दुपारी कापड घेऊन येतो, थांबा. थांबला असणार. मी कॅन्टीनमध्ये निवांत जेवलो. अन्न अंगी लागलं.

११ जून, मंगळवार
आज मी बँडचा मालक. वादकांचे कोट. तो घरी जेवायला निघाला होता, तुमच्यासाठी थांबतो म्हणाला. दुकान बंद व्हायच्या वेळेला फोन करून सांगितलं, जमत नाही. हरकत नाही, काम निघालं असेल, म्हणाला. किती निर्ढावलेला असावा माणूस.

१३ जून, गुरुवार
देव भेटला. इंटरनेटवर एक तज्ज्ञ आहेत, फसवल्या गेलेल्यांना पैसे आणि न्याय मिळवून देतात. मी हकिकत सांगायला सुरुवात केली तर माझ्याआधी तेच चिडले. त्या म्हाताऱ्याला त्यांनी अशा अशा शिव्या दिल्या की माझं डोकंच थंड झालं. इतक्या दिवसांत प्रथमच कोणीतरी माझं दुःख समजून घेतलं.

त्यांना सगळं खरं दिलं. नाव, पत्ता, नंबर, बँकेचं खातं. वैद्यापासून आजार लपवून कसं चालेल? फी नावापुरती, नोंदणीची. मशीनसाठी बाजूला काढलेल्या पैशातून दिली. वसुली झाली की परत ठेवणार.

१८ जून, मंगळवार
तज्ज्ञांचा फोन. फाइल वर सरकली आहे. फाइल सरकवायचे पैसे वेगळे. टोळी मोठी निघाली, म्हातारा फक्त प्यादं आहे. मी म्हटलंच होतं. गुन्हेगार तुमच्यासमोर हात जोडून उभा करतो, म्हणाले. त्या वेळी बसायचं की उभं राहायचं, ते माझ्या मनाचं नक्की होत नाहीये. बसलो तर जास्त दरारा वाटेल.

२० जून, गुरुवार
दुकानदाराने नमुन्याचं काम पाठवलं. मशीन नाही म्हणून ही कडा हाताने शिवतेय. बोटाला पट्टी बांधलीय. मशीन नक्की कुठवर आलंय, एवढंच विचारलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

फार वाईट वाटलं. हिच्या बोटाची भरपाई म्हणून सूड दुप्पट करायचं ठरवलं.

२२ जून, शनिवार
प्रत्यक्ष कारवाई. टोपी, मास्क, गॉगल घालून त्याच्या दुकानासमोर गेलो. दुकान अर्धं रिकामं. मशीन कोपऱ्यात, वर स्वच्छ कापड घातलेलं. बाहेर त्याची स्कूटर उभी होती. आजूबाजूला बघून मागच्या चाकाची हवा सोडली.

पळायच्या आत म्हातारा बाहेर आला. चाक पाहिलं, मला पाहिलं, आणि म्हणाला, साहेब, जरा हात लावता का, गुडघा साथ देत नाही. नाही म्हणालो असतो तर संशय आला असता. पंक्चरवाल्यापर्यंत ढकलली. चढ होता. मास्कमध्ये जीव गुदमरला, शेवटी मास्क आणि गॉगल काढावा लागला.

वाटेत तो बोलत होता. एका वकिलांनी मशीन बुक केलंय, जबरदस्तीने ॲडव्हान्स दिला, पण त्या पत्त्यावर कोणी नाही आणि फोन भलत्याच बाईला लागतो. पैसे परत पाठवावेत तर झेरॉक्सवाला म्हणतो, असे कोणी वकील मला माहीत नाहीत. मशीनला दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. पण दुसऱ्याने पैसे देऊन ठेवलेली वस्तू विकणार कशी, म्हणून तसंच ठेवलंय. त्यात हल्ली रोज कोणीतरी येतो येतो म्हणून बसवून ठेवतं.

काय अभिनय! डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. माझ्या जागी एखादा भोळा असता तर विश्वास ठेवला असता.

२५ जून, मंगळवार
तज्ज्ञांनी शेवटची फी मागितली, प्रत्यक्ष छाप्याची. दिली. मशीनचं पाकीट आता रिकामं आहे. आज छापा.

२६ जून, बुधवार
तज्ज्ञांचा फोन बंद. छाप्यात असणार.

२७ जून, गुरुवार
फोन अजून बंद. मोठा छापा दिसतोय.

हिने मशीनचे पैसे परत मागितले. म्हटलं, प्रक्रियेत आहेत. बरं, म्हणाली आणि भावाकडून उसने घेतले. मग दुपारी स्वतःच मशीन शोधलं, स्वतःच रिक्षा करून गेली, चालवून बघितलं आणि ठरवून आली. एवढं सगळं एका दुपारी. तीन कोटेशन्स नाहीत, काही नाही. विकणारा आधी तयार नव्हता म्हणे, कोणासाठी तरी राखून ठेवलं होतं. पण हिचं बोट पाहून हो म्हणाला. मी नाव विचारलं तर म्हणाली, शनिवारी येतील, तेव्हा बघा.

संध्याकाळी मेव्हण्याचा फोन आला. काय दाजी, रेंज येतेय ना?

२९ जून, शनिवार
तोच म्हातारा.

मी बाथरूममध्ये होतो. पुष्कळ वेळ होतो. शेवटी ही म्हणाली, बाहेर या, पाहुण्यांना हात धुवायचेत.

त्याने मला लगेच ओळखलं. माझे दोन्ही हात हातात घेऊन हिला सांगितलं, ताई, ह्या भल्या माणसाने ओळख ना पाळख, उन्हात माझी स्कूटर ढकलली. हिने माझ्याकडे बघितलं. मग त्याने मशीन लावलं, धागे ओवले, हिला पायाचा दाब शिकवला. मी सगळ्यात लांबच्या खुर्चीवर बसलो. चहा देताना ही एकदम म्हणाली,

"अहो, तुम्ही खरेदी खात्यातले. ह्यांच्या त्या वकीलसाहेबांचा पत्ता काढून द्या की."

आणि वकिलांचं नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, पूर्ण. म्हणजे गुरुवारीच हिला सगळं कळलं होतं.

खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हटलं, ते वारले.

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. म्हणाला, म्हणून आले नाहीत बिचारे. आणि मी मनातल्या मनात त्यांना नको नको ते बोललो. मग खिडकीकडे तोंड करून त्याने खरोखर हात जोडले. मी बसलेलाच होतो.

ॲडव्हान्स तो पाकिटात घालून बरोबरच घेऊन आला होता. मेलेल्या माणसाचा पैसा मला नको, म्हणाला. त्यांच्या मागे कोणी आहे का?

"बायको आहे," ही म्हणाली. "शिवणकाम करते. फार सोसलंय तिने. द्या माझ्याकडे, मी पोचवते."

त्याने पाकीट दिलं. हिने ते मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, ड्रॉवर लावला आणि पहिली कड मारायला घेतली. मशीन उत्तम चालतं. आवाजसुद्धा फारसा येत नाही.

तो गेल्यावर हिने माझ्यापुढे युनिफॉर्मचा ढीग आणि छोटी कात्री ठेवली. संध्याकाळपर्यंत सुटे धागे कापत बसलो.