तेजाबाच्या खोलीतली हवा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१४ नोव्हेंबर १९८६

प्रिय नृसिंह,

दिवाळीचा डबा पोचला. मीनाक्षीवहिनीला सांग, चकल्या सुरेख झाल्यात. भाऊबीजेला मी आले नाही याचा तुला राग आलाय, हे तिच्या चिठ्ठीवरून कळलं. येववलं नाही रे.

आमच्या प्रयोगशाळेतला लेसर तीन वर्षं खपून आम्ही उभा केला. त्याचा प्रकाश अतिनील, डोळ्यांना न दिसणारा. पण तरंगलांबी हवी तशी बदलता येते. ती एखाद्या वायूशी नेमकी जुळली, की त्याचे रेणू क्षणभर चमकतात आणि सुई हलते. श्रावणात तुझ्या चांदीच्या कारखान्यातली हवा न्यायला आले, ती केवळ यंत्र नीट चालतं का हे तपासायला. काचेची फ्लास्क तुझ्या तेजाबाच्या खोलीत काम करणाऱ्या जोतीरामनेच धरली होती. मोडीची चांदी तेजाबात, त्या नायट्रिक आम्लात, विरघळताना उठणारा तांबूस धूर तो रोज छातीत घेत होता. “ताई, नुसती हवाच नेताय व्हय?” म्हणून हसला, आणि कितीतरी वेळ खोकत राहिला.

सुई पट्टीच्या टोकाला जाऊन अडकली. यंत्र चुकलं असेल म्हणून मी तीनदा मोजलं. तुला सांगितलं, तर तू म्हणालास, “खिडकी उघडली की शेजारी भांडाय येत्यात. वीस वर्सं ह्योच धूर हाय, कुनाला काय झालंय?” मी त्या मोजणीचा कागद कपाटात ठेवून दिला. भाऊ आहेस म्हणून.

दसऱ्यानंतर जोतीराम गेला. संध्याकाळी चहा पिऊन चांगला चालत घरी गेला, पहाटे दम लागला, दवाखान्यात पोचेपर्यंत संपला. हा वायू असाच. तासन्‌तास काही जाणवू देत नाही, मग फुप्फुसांत पाणी भरतं. तू सगळ्यांना विड्यांचं कारण सांगितलंस. मीही तिथेच उभी होते, गप्प.

काल त्याची बायको, चिमणाबाई, माझ्या दारात आली. रडली नाही. एवढंच म्हणाली, “त्या बाटलीत काय घावलं व्हतं, ते सांगा की.” जाताना बोलली, की जोतीरामच्या जागी तू त्याच्याच भावाला, ज्ञानूला उभं केलंयस, आणि आता तोही खोकतो.

म्हणून लिहितेय. तो कागद मी तिच्या हातात दिलाय. आज अकरा वाजता आम्ही दोघी कारखाना निरीक्षकांच्या कचेरीत जातोय. हे पत्र तुमच्या हुपरीला येणाऱ्या पहिल्या एसटीच्या कंडक्टरकडे देतेय, म्हणजे तुला आधी माझ्याकडून कळेल. वाचून होताच ज्ञानूला त्या खोलीतून बाहेर काढ. माझ्यावर काय चिडायचं ते नंतर चिड.

तुझीच,
कालिंदी