सोबतीची खुर्ची

१२ जानेवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

वहिनीची कंबर कशी आहे? तिला उचलताना स्वतःची मोडून घेऊ नकोस.

आमची सोबतिणींची संस्था कशी सुरू झाली, विचारलंस. हे केमोला एकटेच जायचे, मी शाळेत शिकवायला. ते कायमचे गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून त्याच वॉर्डात परक्यांशेजारी जाऊन बसू लागले. एकीच्या चौघी झालो, वाढत गेलो. आता कुणाही पेशंटने फोन केला की सोबतीण दारात हजर. नियम तोच, आपण आधी बोलायचं नाही आणि मधेच उठायचं नाही.

आता ओरडू नकोस. माझ्याच छातीत गाठ हाताला लागलीय. मंगळवारी तपासायला गेले, तर नर्सबाईंनी सवयीने मला सोबतीच्या खुर्चीत बसवलं. शेजारची बाई रडवेली. मीही सवयीने तिचा हात धरला. माझं नाव पुकारलं, तेव्हा उठवेना. तशीच परतले. घरी आल्यावर मात्र फार एकटं वाटलं रे.

माया आहेच, ती राहू दे.
तुझी ताई

२० जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

दुसऱ्याच्या दुखण्याआड लपायची तुझी खोड जुनीच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

हिला टाकून निघता येत नाही, याची लाज वाटते. म्हणून तुझ्याच संस्थेत फोन केला. नाव सांगितलं नाही, नुसता पत्ता दिला. फोनवर कुणी नवीन होती, पत्ता तुझाच आहे हे तिला कळलं नाही. हवं तर अबोला धर, पण तपासून घे.

रागातही लोभ असू दे.
तुझा धाकटा

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

आगाऊ तो आगाऊच. तपासणी झाली. गाठ वाईट निघाली, उपचार लवकरच सुरू होतील. रडू नकोस, वहिनीसमोर तर नकोच.

त्या सकाळी बेल वाजली. दारात आमची नवी सोबतीण, निवृत्त शिंपीणबाई. मला पाहून तिचा जीव भांड्यात पडला. म्हणाली, बरं झालं, पहिल्याच खेपेला तुम्ही बरोबर आहात, पेशंट आत आहेत का? मी वळून आत पाहिलं. घरात कुणीच नव्हतं. पेशंट गेला म्हणून सांगावं, असंही मनात आलं. मग म्हटलं, मीच.

ती काही बोलली नाही. नियमच आहे ना. कुलपात किल्ली जाईना, तेव्हा तिने माझ्या हातातून घेतली आणि दार लावलं.

आशीर्वाद आहेतच, येत राहा पत्रातून.
तुझी ताई