रडत नाही, गळतोय

प्रिय सुलू,

तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. तू गेल्यापासून मला चिकू फुकट मिळतात. डहाणू रोडच्या बाजारातली शांताबेन वजन झाल्यावर वर चार-पाच टाकते आणि म्हणते, "सर, रडायचं नाय हं. बेनला वरून बघवायचं नाय." घरात ढीग साचलाय. मला चिकू आवडत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. पण डहाणूत राहून हे उघड बोलायची सोय आहे का?

आणि मुळात, अगं, मी रडतच नाही! डावा डोळा गळतोय. छप्पर गळतं, नळ गळतो, तसा. डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी नळी तुंबली आहे. तलासरीच्या शाळेत फळ्यापाशी उभा राहून 'देवः देवौ देवाः' म्हणतो आणि अख्खा वर्ग गंभीर होतो. शब्द चालवताना कुणाला गहिवर येतो का?

सोमवारी ऑपरेशन आहे, म्हणून आज लिहायला बसलो. हसण्यावारी नेऊन चालणार नाही. कोपरा दाबला की पू येतो. त्याच डोळ्यात मोतीबिंदूही पिकलाय, आणि पू असेपर्यंत त्याला कुणी हात लावणार नाही. नळी सुटली नाही तर नजर गेली.

ऑपरेशनचं नाव ऐक: डॅक्रिओसिस्टोरायनोस्टॉमी! मी तिथेच विग्रह केला. अश्रूंच्या पिशवीला नाकात नवं तोंड पाडणे. डॉक्टर खूश. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अहो, आधी डोळा पुसा."

वाटा दोन. एक नाकातून, दुर्बिणीने. चेहऱ्यावर टाका नाही, व्रण नाही, माणूस लवकर कामाला लागतो. पण हे डॉक्टर ती पूर्ण भूल देऊन करतात. दुसरी जुनी. नाकाच्या कडेला छोटा छेद, हाडाला भोक, पिशवी आतल्या अस्तराला जोडायची. टाके येतात, बारीक व्रण राहतो. पण तेवढाच भाग बधिर करतात, माणूस जागा असतो. हात सरावलेला असेल तर गुण दोन्हींचा जवळजवळ सारखाच, म्हणाले. तिसरीही एक वाट आहे, पिशवीच काढून टाकायची. पू थांबतो, गळणं नाही. म्हणजे चिकू चालूच!

मी बाहेरून, जागेपणी, असं सांगून टाकलं.

त्यावरून घरात महाभारत. मुक्ता म्हणाली, "बाबा, नाकातून करा ना. चेहऱ्यावर व्रण कशाला?"

"मला आता कुणी बघायला येणार आहे का?"

"विषय बदलू नका."

तुझ्या दादांचाही बोर्डीहून फोन. "अहो मास्तर, जग दुर्बिणीवर गेलं, तुम्ही अजून छिन्नी-हातोड्यावर!" म्हटलं, जाऊ दे जगाला पुढे. माझं नाक, माझं हाड, माझी मर्जी. डॉक्टरांनी एकच अट घातली: "सर, सुरी चालू असताना बोलायचं नाही हं. जमेल?" मुक्ता इतकी हसली की मला जरा अपमानच वाटला.

पण तुला खरं कारण कळलं असेल. भूल मी घेणार नाही. कुणी समजावलं तरी नाही!

तुझं पित्ताशयाचं साधं ऑपरेशन होतं. आत जाताना म्हणालीस, "आलेच हं." भुलीतच हृदय थांबलं, कुणाची चूक नव्हती, हे मला नीट सांगितलं गेलं आणि मी ते ऐकून घेतलं. पण 'आलेच'? हे कुठल्या काळाचं रूप ग? आपल्या मराठीची ही खोडच. माणूस जायच्या आधीच परत आलेला असतो. आयुष्यभर व्याकरण शिकवलं, ही एक चूक तेवढी तुझी दुरुस्त करायची राहिली.

तेव्हा वचन देतो. सोमवारी दारातून आत जाताना मुक्ताला 'आलोच' म्हणणार नाही. 'येईन' म्हणेन, शुद्ध भविष्यकाळ, आणि डोळे उघडे ठेवून येईन.

सुरीची भीती नाही, सुलू. व्रणाचीही नाही. त्या दिवशी दाराबाहेरच्या बाकावर मुक्ता आणि मी, दोघं होतो. सोमवारी ती एकटी असेल.

तुझा,
श्रीधर