येन वहिनींचं औषधाचं मडकं, साभार परत

यूत्स, कापडगिरणीची वसाहत, इमारत चौथी
तिसऱ्या महिन्याची वीस तारीख

आदरणीय थोरल्या ताईंना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे च्याओ वनलीचा, वाकून नमस्कार.

तातुंगला थंडी ओसरली का? आपला पाय कसा आहे? (मागच्या पत्रात आपण डावा लिहिला होता, त्याआधीच्या पत्रात उजवा. मी दोन्ही पत्रं काढून पाहिली. दोन्ही दुखत असतील तर तसं स्पष्ट कळवावं, मनाला उगीच घोर लागतो.) आमच्याकडे वारा सुटला आहे, पिवळी धूळ दातांत येते, बाकी आपली भाची लीफन मजेत आहे, श्वेयिंग पुष्कळ बरी आहे. मी ठीक आहे असं लिहिणार होतो. लिहिलं आणि खोडलं. मी ठीक नाही, ताई. माझ्या हातून असं काही घडलं आहे की पोरीचं लग्न मोडलं तर त्याचं खापर दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर फोडता येणार नाही.

सगळं क्रमानं सांगतो. एकतीस वर्षं गिरणीच्या ग्रंथालयात काढली, क्रम सोडून मला सांगता येत नाही.

श्वेयिंगच्या गालातल्या शिरेचं दुखणं आपल्याला ठाऊक आहेच. उजव्या गालात सुरी फिरवावी तशी कळ यायची. तोंड धुतलं की कळ, घास चावला की कळ, वारा लागला की कळ. आपली बहीण मागावर काम केलेली, तिचा आवाज तीन मजले ऐकू जातो, आणि ती तीन महिने तोंड मिटून बसली. बोलायचं झालं तर जेवणाच्या काड्या टेबलावर आपटायची. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, तीनदा म्हणजे तुम्हाला अक्कल नाही. (मी टिपण ठेवलं होतं. तीनदा सर्वांत जास्त वेळा आलं.)

मोठ्या दवाखान्यातल्या गोळ्यांनी तिला गुंगी यायची, म्हणून वैद्य थान यांच्याकडे गेलो. त्यांनी दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि कोंबडीनं पाय उमटवावेत तशा अक्षरात काढ्याच्या पंधरा पुड्या लिहून दिल्या. मुळ्या, साली, पांढऱ्या चकत्या, शिवाय प्रत्येक पुडीत दोन वाळवलेले विंचू आणि एक गोम. मी घरी येऊन प्रत्येक पुडी कागदावर पसरून चिठ्ठीशी ताडून पाहिली. सातव्या पुडीत दीडच विंचू निघाला. तो दीड विंचू घेऊन मी परत दुकानात गेलो आणि अर्धा मागितला. दुकानदार म्हणाला, "काका, तुमच्या बायकोला बरं करायचंय की विंचवाला?" पण अर्धा दिला. नियम म्हणजे नियम.

काढा उकळायला मातीचं मडकं हवं, लोखंडाचं चालत नाही. आणि औषधाचं मडकं विकत आणायचं म्हणजे आजाराला घरात कायमची खोली काढून दिल्यासारखं, म्हणून सगळे करतात तेच आम्हीही केलं, शेजारी उसनं मागितलं. वरच्या मजल्यावर येन राहतात, म्हणजे आमच्या लीफनचे होणारे सासू-सासरे. येन वहिनींनी मडकं पुसून, फडक्यात गुंडाळून श्वेयिंगच्या हातात दिलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. इतकी चांगली माणसं आहेत ती, ताई!

काढा श्वेयिंगच उकळायची. आधी मोठा जाळ, मग मंद, दोनदा उकळून दोन्ही पाणी एकत्र. मला चुलीजवळ फिरकू देत नसे. माझ्याकडे काम एकच, उरलेला चोथा बाहेर रस्त्यावर टाकायचा, म्हणजे येणारे-जाणारे तुडवतील आणि दुखणं पायांबरोबर निघून जाईल. मी टाकला. पण वसाहतीच्या फाटकासमोर तो काळा ढिगारा, त्यात विंचवाच्या नांग्या, कसं दिसतं ते! मी झाडू आणून दोन मिनिटांत सगळं साफ केलं. श्वेयिंग खिडकीतून पाहत होती. त्या दिवशी तिनं काड्या चार वेळा आपटल्या. चाराचा अर्थ आमचा ठरलेला नव्हता, तरी मला कळला.

असो. पंधरा पुड्या संपल्या आणि कळा थांबल्या. खरंच थांबल्या. बाराव्या पुडीला ती बोलू लागली, पंधराव्या पुडीला माझ्यावर ओरडली आणि मी आनंदानं रडलो. (हे तिला माहीत नाही.) मग बारा तारखेला, ती वैद्यांना शेवटची नाडी दाखवायला गेली असताना, माझ्या मनात आलं की आपणही घरात काहीतरी करावं. स्वयंपाकघरात गेलो. फळीवर मडकं दिसलं. काळं, मातीचं, चोच असलेलं, मूठ असलेलं. मी ते धुतलं, पुसलं, रिकामं भांडं देऊ नये म्हणून आत पाच अंडी ठेवली, माझ्या वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहिली, "साभार परत. विलंबाबद्दल क्षमस्व. च्याओ", आणि वरच्या मजल्यावर जाऊन येन वहिनींच्या दाराशी ठेवून आलो. दारावर टकटक केली आणि निघालो.

सातव्या पायरीवर मला आठवलं.

आता हे आपल्याला काय सांगायचं? शेंबडं पोरही जाणतं की औषधाचं मडकं उसनं न्यावं, पण परत नेऊन देऊ नये. ज्याचं त्यानं येऊन घेऊन जावं. आपण नेऊन दिलं की मडक्याच्या मागोमाग आपलं दुखणं त्यांच्या घरात शिरतं. मलाही माहीत होतं हो! पण एकतीस वर्षं मी लोकांना "परत करा, परत करा" म्हणून लाल शाईत चिठ्ठ्या पाठवल्या. एका वाचकाच्या अंत्ययात्रेत जाऊन मी पुस्तक परत आणलं आहे. असल्या माणसाचे हात मडकं बघून थांबतील कसे? तसाच उलटा धावलो. दार बंद होतं. मडकं आत गेलेलं होतं.

आणि चौदा तारखेला येनदादांचा पाय धरला! कमरेपासून टाचेपर्यंत एकच कळ. अंथरुणावरून उठता येईना. गालातून निघालेली कळ एक मजला चढून पायात कशी शिरली, हे मी वैद्यांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "मडकं काय पोस्टमन आहे का? घरी जाऊन गरम पाणी प्या." त्यांना हसायला काय जातं! त्यांच्या पोरीचं लग्न नाही. अठरा तारखेला दोन्ही घरांनी एकत्र जेवून लग्नाची तिथी धरायची होती. येन वहिनींनी निरोप पाठवला की अठ्ठावीसला बसू. कारण दिलं, "ह्यांना खुर्चीत बसवत नाही." मी तो निरोप अनेकदा मनात घोळवून पाहिला. बसवत नाही, की आमच्याबरोबर बसवत नाही?

सध्या जिन्यात भेटल्या की येन वहिनी माझ्याकडे बघतात, काहीतरी बोलायला तोंड उघडतात आणि ओठ दाबून खाली बघतात. त्यांचे खांदे हलतात. रागानंच हलत असणार. मी ठरवलं, सरळ वर जायचं, पाया पडायचं आणि मडकं पुन्हा उसनं मागायचं, म्हणजे बाहेर पडलं की दुखणंही बाहेर पडेल. पहिल्या दिवशी गेलो. दार उघडलं, त्या समोर उभ्या, आणि मी म्हणालो, "मीठ आहे का?" त्यांनी वाटीभर मीठ दिलं आणि म्हणाल्या, "शिरका नको ना, भाऊजी? तो तर तुमच्याकडे मडकी भरभरून दिसतोय." ताई, हा टोमणाच आहे! शिरका आंबट, म्हणजे नातं आंबलं, असंच सुचवायचं होतं त्यांना. दुसऱ्या दिवशी गेलो तर शिडी मागून आलो. तिसऱ्या दिवशी माश्या मारायची फळी. आता येनांची वाटी, येनांची शिडी आणि येनांची फळी माझ्या घरात आहे आणि त्यातली एकही वस्तू परत न्यायची माझी छाती होत नाही. माझी, ताई! ज्यानं उभ्या जन्मात उसनी टाचणी ठेवून घेतली नाही!

लीफनला यातलं काही माहीत नाही. ती आणि येनांचा मुलगा च्यनकांग सायकली घेऊन हसत फिरतात. एका मडक्यापायी तिचं घर बसण्याआधी उठलं तर मी तिला तोंड कसं दाखवू?

बाकी विशेष नाही. तब्येत सांभाळून राहावं. गार पाण्यात हात घालू नये.

आपला आज्ञाधारक,
वनली

ता. क. हे सगळं लिहिण्याचा खरा हेतू आता सांगतो, रागावू नये. आपण पंचवीस तारखेच्या गाडीनं इकडे यावं. आल्यावर घरात न शिरता आधी तिसऱ्या मजल्यावर जावं, आणि "माझा पाय दुखतो, मला तुमचं औषधाचं मडकं द्या" असं येन वहिनींना म्हणावं. आपण मोठ्या, त्या आपल्याला नाही म्हणणार नाहीत. मडकं आपण तातुंगला घेऊन जावं. ते त्यांना परत हवं झालं तर ते तातुंगला येतील, आणि इतक्या लांब कोणी मडक्यासाठी येत नाही. जिना चढताना लंगडावं. येनदादांचा डावा पाय दुखतो, तेव्हा आपण उजव्यानं लंगडावं, नाहीतर चेष्टा केल्यासारखं दिसेल. कुठला पाय ते कृपया आधी नक्की करावं.

दुसरा ता. क. श्वेयिंगला यातलं अक्षरही कळू देऊ नये. तिला वाटतं मडकं अजून आमच्याकडेच आहे. ताण आला तर गालातली कळ परत यायची.

(खालचं अक्षर माझं)

ताई, मी श्वेयिंग. ह्यांनी पाकिटाला भाताची खळ लावून ते खिडकीत वाळत ठेवलं, वाऱ्यानं उघडलं, मी वाचलं. कोळशाच्या पेटीवर बसून खोखो हसले गं! शेजारीण दार वाजवायला आली, काय झालं म्हणून.

मडकं आपल्याकडेच होतं. कोळशाच्या पेटीमागे, फडक्यात गुंडाळून, मी स्वतः ठेवलेलं. ह्यांनी धुऊन पुसून, अंडी घालून, साभार परत केलं ते माझं शिरक्याचं मडकं! कितीही धुवा, वास जातो होय? येन वहिनी सोळा तारखेला, हे वैद्यांकडे गेले होते तेव्हा, खाली आल्या. आपलं मडकं आपण होऊन मागून घेऊन गेल्या, रीतीप्रमाणे. येनदादांसाठी हवं होतं. मग हळूच विचारलं, "वहिनी, भाऊजींनी आम्हाला शिरक्याचं मडकं का परत केलं? आम्ही कधी दिलं होतं?" मी म्हटलं, व्याह्यांना देतात आमच्यात. दोघी तोंडात बाही कोंबून हसलो. तेव्हापासून त्यांना जिन्यात हे दिसले की हसू आवरत नाही बिचारीला. आणि पाय कशानं धरला म्हणशील, तर ह्या वयात पोरांच्या खोलीसाठी कपाट एकट्यानं उचललं म्हातारबुवांनी. लाकडी, आरशाचं. लीफन आरसा हवा म्हणाली होती ना. अठ्ठावीसला तिथी धरायची हे पक्कं. तू सत्तावीसलाच ये, आणि लंगडू नकोस बाई, पडशील.

फक्त एक कर. अठ्ठावीसपर्यंत ह्यांना काही सांगू नकोस. मडकं दिल्या दिवसापासून रोज सकाळी हे कोमट पाण्यात रुमाल बुडवून, पिळून, माझं तोंड पुसून देतात. कळ परत येईल या भीतीनं डोळे माझ्या गालावरून हलत नाहीत त्यांचे. लग्नाला तीस वर्षं झाली, एवढा वेळ ह्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं गं. अजून आठ दिवस पुसू देत.